काचेच्या आतल्या बाई

माणसाला राग यावा आणि तो काढायला जागा मिळू नये, यासारखी शिक्षा नाही. बाईंना ती शिक्षा गेली दोन वर्षं चालू होती, आठवड्यातून सहा दिवस, एका बुटक्या स्टुलावर बसून.

बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई. वय बेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याने दचकून वही उघडावी. आपल्या गावच्या शाळेत त्यांनी दहा वर्षं पाचवी-सहावीला शिकवलं आणि मग परदेशातल्या एका भाषासंस्थेत नोकरी धरली. का धरली? तर तीही रागानेच. शाळेत दहावीचं इंग्रजी मोठ्या बाईंकडे होतं. मोठ्या बाई म्हणजे शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहायचं कसं, इथपासून आपल्या बाईंना सगळं शिकवलं ते त्यांनीच. पण दहावी काही त्यांच्या हातून सुटेना. दर वर्षी शाळा सुरू होताना बाई आशेने वेळापत्रक बघायच्या आणि तोंड पाडून परत यायच्या. शेवटी एका वर्षी, बसा तुमची दहावी उबवत, असं मनातल्या मनात म्हणून त्यांनी बॅग भरली. वडील आणि धाकटी बहीण स्टेशनवर पोचवायला आली होती. मोठ्या बाईही आल्या होत्या, आणि बाई त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

परदेशातली पहिली चार वर्षं बरी गेली. संस्था एका चष्म्याच्या दुकानावर होती, तिसऱ्या मजल्यावर. खोल्या लहान, फळा पांढरा, मुलं आठ ते बारा वर्षांची. बाई शिकवायच्या, मुलं शिकायची, कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मग संचालिकाबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. आपलं मूल इंग्रजी शिकतंय हे पालकांना दिसलं पाहिजे. झालं! भिंत पाडून तिथे काच बसवली, तीही दुहेरी, म्हणजे आतला आवाज बाहेर जायला नको आणि बाहेरचा आत यायला नको. बाहेर लांब सोफा आणि पाण्याचं मशीन ठेवलं. पालक सोफ्यावर बसून आत बघायला लागले आणि त्यांना दिसल्या आमच्या बाई. सावळ्या, ठेंगण्या, तेल लावलेल्या केसांच्या.

दुसऱ्याच आठवड्यात तक्रार आली. या बाई इंग्रजी कुठून शिकल्या, असं एका वडिलांनी विचारलं. शिकवणं वाईट आहे असं कोणी म्हणालं नाही, म्हणणार कसं, ऐकू कुठे येत होतं? पण फी भरून घरातल्यासारखंच तोंड बघायचं का, असा एकंदर सूर. मग संचालिकाबाईंनी एक माणूस आणला.

हा माणूस पन्नाशी उलटलेला, सहा फूट उंच, गोरापान, चंदेरी केस, निळे डोळे. जन्मभर कुठल्याशा थंड देशात फरश्या विकून रिटायर झाला होता आणि हवा मानवते म्हणून इथे येऊन राहिला होता. इंग्रजी ही त्याची आईची भाषा नव्हे, मावशीचीही नव्हे. क्रियापद दिसलं की तो रस्ता बदलायचा. पण दिसायला असा की कॅलेंडरवर छापावा. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्याला ‘फोटो’ म्हणायचे.

तर व्यवस्था अशी ठरली. फोटोने फळ्याजवळ उभं राहायचं आणि तोंड हलवत राहायचं. बाईंनी मुलांच्या मध्ये बुटक्या स्टुलावर, काचेकडे पाठ करून बसायचं, गळ्यात ‘सहाय्यक’ असं कार्ड घालून, आणि शिकवायचं. कोंबडं झाकून उजाडायचं थांबत नाही म्हणतात, पण इथे कोंबडं स्टुलावर बसवून दुसऱ्यालाच आरवायला लावलं होतं. मुलांनाही ताकीद होती, उत्तर देताना फळ्याकडे बघायचं, बाईंकडे नाही.

आणि सगळ्यात वर म्हणजे ती कार्डं. फोटोला कधी कशावर बोट ठेवायचं, तास संपल्यावर दारात पालकांना कोणती दोन वाक्यं म्हणायची, हे सगळं बाई दर रविवारी घरी बसून, एक आठवडा आधीच, कार्डांवर लिहून काढायच्या. आठवड्याची चाळीस कार्डं, रबर लावून. एका बाजूला वाक्य, दुसऱ्या बाजूला ते म्हणायचं कसं. फोटो बिचारा ती पाठ करायचा, चुकला की कान पकडायचा, बाईंना बिस्किटं आणून द्यायचा. माणूस वाईट नव्हता. त्यामुळे राग आणखीच यायचा. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं.

तुम्ही विचाराल, मग बाई गप्प का बसल्या? त्याचं उत्तर बाईंकडे तयार होतं, आणि रोज वेगळं असायचं. कधी मुलांकडे बघून, कधी घरी काय सांगायचं म्हणून. गावात वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमची मोठी परदेशात इंग्रजी शिकवते. स्टुलावर बसून शिकवते, हे कोणत्या तोंडाने सांगणार? सांगितलं होतं फक्त मोठ्या बाईंना, तेही एकदा ताप आलेला असताना, फोनवर, रडत रडत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि, तापावर काय घेतलंस, एवढंच विचारलं होतं.

यंदाचा करार या आठवड्यात संपत होता. सोमवारी सकाळी संचालिकाबाईंनी नवा करार हातात ठेवला. आणखी दोन वर्षं, पद ‘मुख्य सहाय्यक’. गुरुवारपर्यंत सही करून द्या म्हणाल्या, आणि वर असं हसल्या की जणू पालखीत बसवताहेत. मुख्य सहाय्यक! म्हणजे स्टूल तेच, फक्त त्यावर उशी.

त्याच दिवशी दुपारी ते घडलं. वर्गात दोन शेंड्या घालणारी एक नऊ वर्षांची मुलगी होती. हुशार, पण ताकीद काही तिच्या डोक्यात शिरत नव्हती. बाईंनी प्रश्न विचारला की ती सरळ बाईंकडे वळून उत्तर द्यायची. जो विचारतो त्याच्याकडे बघून बोलायचं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या दिवशी संचालिकाबाई काचेबाहेरून बघत होत्या. त्या आत आल्या, मुलीची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तिचं तोंड फळ्याकडे वळवलं. मुलगी रडली नाही. तिने खाली मान घातली आणि तासभर एक शब्द बोलली नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला स्टुलावर बसवलं ते एक वेळ गिळलं, पण पोरीची मान पिरगाळायची? तास संपल्याबरोबर त्या दार उघडून थेट सोफ्याकडे गेल्या. मुलीची आई तिथे पर्स आवरत होती. बाईंनी तिला तिच्याच भाषेत, जेवढी येत होती तेवढीत, सांगून टाकलं की तुमच्या मुलीला मी शिकवते, तो माणूस नाही, त्याला इंग्रजी येत नाही. सहा वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर ठेवली होती त्यांनी. आता ही बाई चवताळेल, संचालिकेची गचांडी धरेल, असं त्यांना वाटलं.

आई शांतपणे म्हणाली, “माहितीये की. मुलगी घरी रोज सांगते. सगळ्यांनाच माहितीये. पण वर्गाचा फोटो काढून आजी-आजोबांना पाठवायचा असतो ना.”

आणि तिने पर्सची चेन लावली.

बाई घरी कशा आल्या त्यांचं त्यांना आठवत नाही. म्हणजे कोणालाच फसवलं जात नव्हतं! संचालिकेला माहीत, पालकांना माहीत, मुलांना माहीत, फोटोला तर माहीतच. सगळे मिळून नाटक करत होते, आणि आपल्यामुळे गुपित टिकलंय असं समजून दोन वर्षं जिवाचं रान करणारी महामूर्ख एकटी बाई. चपला न काढता त्या कॉटवर बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, बस झालं. घरी जायचं.

मंगळवारी बहिणीला फोन करून सांगितलं. बहीण आनंदाने किंचाळायचीच बाकी होती. तिने तासाभरात वडिलांना सांगितलं, वडिलांनी हेडसरांना सांगितलं, आणि संध्याकाळी हेडसरांचाच फोन आला. हे हेडसर नवे, तीन वर्षांपूर्वी आलेले, गुळात तोंड बुडवून बोलणारे. बाई, तुम्ही आमच्याकडेच यायचं म्हणाले. तुमची जागा आहे. आणि पाचवी-सहावी नाही हं, दहावी तुमची.

दहावी तुमची! सोळा वर्षं ज्या दोन शब्दांची वाट बघितली ते असे फोनवर येऊन पडले. बाईंनी मोठ्या बाईंचं काय, असं विचारलं, नाही असं नाही. पण त्यांची दोनच वर्षं राहिलीत, त्यांनाही आराम हवा, असं हेडसर म्हणाले आणि बाईंनी ते पटवून घेतलं. आपल्याला हवं ते असलं की माणूस किती पटकन पटवून घेतो! रात्री जेवताना त्या दहावीचा पहिला धडा कसा घ्यायचा याचा विचार करत होत्या. उभं राहून. फळ्याजवळ.

बुधवारी दुपारी बाई शिक्षकांच्या खोलीत बसल्या असताना बहिणीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ताई, बघ तुझा थाट!

शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता, दोन माणसांएवढा उंच. त्यावर बाईंचा चेहरा. पण कसला? रंग दोन हात लावून उजळवलेला, तेल लावलेले केस फुगवलेले. मागे विमान. खाली लिहिलेलं, ‘सहा वर्षांच्या परदेशातील अनुभवासह, आता दहावीचं इंग्रजी आमच्या शाळेत! प्रवेश सुरू.’

बाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आपण आहोत हे कपाळावरच्या तिळावरून कळत होतं. त्यांनी बहिणीला फोन लावला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. बहिणीला वाटलं ताई खूश झाली. ती सांगत सुटली. प्रवेशाला रांग लागली आहे, वडील दोनदा जाऊन फ्लेक्स बघून आले. आणि तुला काही त्रास पडायचा नाही, हेडसरांनी सगळं ठरवलंय. मोठ्या बाईंना पहिली दिली आहे, गाणी-गोष्टींची. शिवाय दहावीच्या त्यांच्या वह्या आहेत ना, पंचवीस वर्षांच्या, प्रत्येक धड्यावर काय बोलायचं ते लिहिलेल्या, त्या त्यांनी तुला द्यायच्या. पालक-सभेत काय बोलायचं तेही त्याच लिहून देतील. तू फक्त उभी राहा.

तू फक्त उभी राहा.

बाईंनी फोन ठेवला. शेजारच्या खोलीत फोटो कार्डं पाठ करत होता, भिंतीतून ऐकू येत होतं. एकच वाक्य तो चार वेळा म्हणाला आणि चारही वेळा चुकला. बाईंना त्याचा राग आला नाही. भीती वाटली. कारण आगीतून फुफाट्यात पडलं तर निदान पडणारा आपण असतो. इथे तर त्या स्टुलावरून उठून थेट फळ्याजवळ जाणार होत्या, आणि स्टुलावर बसणार होत्या मोठ्या बाई.

असल्या रागाला थांबवता येत नाही. त्यांनी तिथल्या तिथे मोठ्या बाईंना फोन लावला आणि त्या ‘हॅलो’ म्हणायच्या आत सुरू झाल्या. हेडसर म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, शाळा आहे की साबणाचं दुकान, तुम्हाला पहिलीत बसवताना त्या माणसाची जीभ कशी झडली नाही, माझं तोंड मला न विचारता रंगवलं कोणी, लाज कशी वाटत नाही. पाच-सात मिनिटं हा भडिमार चालला.  बाईंचा श्वास संपला तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं,

“झालं? मग मला एक सांग. त्या फरशीवाल्या गृहस्थांना वाक्यं कोण लिहून देत होतं?”

बाई म्हणाल्या, मी.

“किती दिवस?”

दोन वर्षं.

“तुझा हात कोणी धरला होता का?”

नाही.

“मग हेडसरांच्या नावाने कशाला बोंब मारतेस? लिहून देणारं कोणीतरी मिळतंच, हे त्यांना माहितीये. मिळतंच की! तू मिळालीस.” मोठ्या बाईंचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढायचा नाही, त्यामुळे जास्त लागायचा. “मी नाही मिळणार. वह्या मी सकाळीच कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली घरी आणली. पहिलीत बस म्हणाले तर बसेन, गाणी म्हणेन, नाचायला लावलं तर नाचेनही. पण तुझ्या तोंडात माझं वाक्य घालणार नाही. तुला यायचं तर शिकवायला ये. फोटो व्हायला येणार असशील तर तिथेच बस.”

आणि त्यांनी फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर बाईंना आधी मोठ्या बाईंचाच राग आला. जिच्यासाठी आपण भांडलो तिनेच थोबाडीत मारावी? दहावी सोळा वर्षं अडवून बसली ती बसली, आता वर शिकवतेय! पाव तास त्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. मग टेबलाच्या खणातून त्यांनी पुढच्या आठवड्याची कार्डं काढली. चाळीस. सुंदर अक्षर, कुठे खाडाखोड नाही, अवघड शब्दाखाली लाल रेघ. दर रविवारी इतकं जीव ओतून लिहिलं होतं की वाचणाऱ्याला वाटावं, हौसेने लिहिलंय. आणि होतीच हौस. तेच तर! राग राग म्हणून मिरवत होत्या, पण एकाही रविवारी त्यांनी मुद्दाम एखादं वाक्य चुकीचं लिहिलं नव्हतं, की लिहायचं राहिलं नव्हतं. शिकवणं चांगलं झालं पाहिजे ना! कोणाच्या का तोंडून होईना. या चांगुलपणावरच संचालिकेचं दुकान चाललं होतं.

त्यांनी हेडसरांना फोन केला आणि एका दमात सांगितलं की दहावी मोठ्या बाईंकडेच राहू दे, मला पाचवी द्या, आणि तो फ्लेक्स उतरवा. हेडसर आधी हसले. मग म्हणाले, पाचवीचं जमवता येईल, पण फ्लेक्स राहू दे, प्रवेश होईपर्यंत तरी. बाई नाही म्हणाल्या. मग हेडसरांच्या तोंडचा गूळ संपला.

“दहावी नको, फोटो नको, मग तुम्ही येताच कशाला?”

“पाचवीला इंग्रजी येत नाही म्हणून,” बाई म्हणाल्या.

विचार करून कळवतो, असं सांगून हेडसरांनी फोन बंद केला. कळवतो म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

गुरुवारी बाईंनी करार सहीशिवाय परत दिला. संचालिकाबाई आधी गोड बोलल्या, मग तिखट बोलल्या, मग हिशेबावर आल्या. निदान पुढच्या आठवड्याची कार्डं तरी देऊन जा म्हणाल्या, ती संस्थेची आहेत. बाईंनी विचारलं, रविवार संस्थेचा होता का? कार्डं त्यांनी पिशवीत टाकली आणि वर्गात गेल्या. त्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या नाहीत. फळ्याजवळ उभ्या राहिल्या आणि फोटोला स्टूल दाखवलं. तो लगेच बसला, गुडघे छातीशी घेऊन, आणि इतका मोकळा दिसला की बाईंना हसू आलं. बाहेर पालकांनी दोन-चार फोटो कमी काढले, बाकी काही झालं नाही. दोन शेंड्यांवाली मुलगी प्रत्येक उत्तर बाईंकडे बघून देत होती आणि आता फळाही तिकडेच होता. संचालिकाबाई काचेबाहेरून हातवारे करत काहीतरी म्हणत होत्या. आत काही ऐकू येत नव्हतं. काच त्यांनीच निवडली होती.

तास संपल्यावर फोटो जिन्यापर्यंत पोचवायला आला. बिस्किटांचा पुडा हातात होता. सोमवारी मी काय म्हणू, असं त्याने हळूच विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा बाईंकडे त्याच्यासाठी वाक्य तयार नव्हतं.

“जे येतं ते बोला,” त्या म्हणाल्या.

त्याने बिस्किटांचा पुडा बाईंपुढे धरला. मग त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मला फरश्या येतात. ते त्याचं स्वतःचं पहिलं वाक्य होतं, आणि त्यात चूक नव्हती. बाईंनी तसं त्याला सांगितलं आणि पुडा घेतला.

जिना उतरताना पिशवीत मोबाइल वाजला. हेडसरांचा असेल म्हणून बाईंनी घाईने बघितलं, तर मोठ्या बाईंचा निरोप होता. ‘हेडसर भडकलेत. पाचवीचं अजून नक्की नाही. फ्लेक्स तिथेच आहे, वाऱ्याने तुझं नाक फाटलंय. ये. शिडी मी बघून ठेवली आहे, धरायला एक माणूस लागेल.’

बाईंनी तो निरोप दोनदा वाचला. मग खाली रस्त्यावर येऊन चष्म्याच्या दुकानाशेजारच्या ऑफिसात त्या तिकिटाची चौकशी करायला गेल्या.